टेलचं शेत

आमचं शेत पालखेडच्या डाव्या कालव्याच्या टेलला. टेल म्हणजे शेपूट, शेवट. हा इंग्रजी शब्द आमच्याकडं शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे. कालवा निघतो दिंडोरी तालुक्यातून, निफाडच्या द्राक्षं-उसाला पाजत येतो आणि येवला तालुक्यात आमच्या शिवाराला लागेपर्यंत त्याचा पार दम गेलेला असतो. आवर्तन सुटलं ही बातमी आमच्याकडं पहिल्याच दिवशी यायची. पाणी यायचं आठव्या-दहाव्या दिवशी, कधी यायचंच नाही. कागदावर मात्र आवर्तन पूर्ण झालेलं असायचं. इतके दिवस, इतकं पाणी. तो आकडा खोटा नव्हता हेच तर त्यातलं दुखणं. पाणी खरंच सुटलेलं असायचं.

पाणी येणार असलं की रात्री नाना मला आणि आक्काला शेतात न्यायचे, दारं धरायला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, दारं धरणं म्हणजे चारीचं पाणी पाटातून वाफ्यात वळवणं. एक वाफा भरला की फावड्यानं मातीचं दार लावायचं आणि पुढच्या वाफ्याचं मोडायचं. अंधारात पाणी दिसत नाही, ते पायाला कळतं. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला ते फार चांगलं जमायचं. मी कंदील धरून पेंगायचो आणि एखादा वाफा फुटेपर्यंत भरायचा. नाना ओरडायचे, "अरे, वरच्याला किती पाजशील? खालचा तहानला मरंल ना!"

हे सगळं मला आठवलं ते १९९७ साली, पुणे विद्यापीठात एम.ए.च्या वर्गात बसलो असताना. विषय होता स्थूल अर्थशास्त्र. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला समग्रलक्षी म्हणत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा नानांनी विचारलं, काय शिकतो? मी नाव सांगितलं. नाना म्हणाले, "स्थूल म्हंजे लठ्ठच ना? मंग लठ्ठ लोकांचं अर्थशास्त्र म्हण की." मी हसलो आणि समजावून सांगितलं की एका शेताचा, एका दुकानाचा हिशेब तो सूक्ष्म, आणि अख्ख्या देशाचा एका वेळी हिशेब तो स्थूल. देशाचं एकूण उत्पन्न, एकूण रोजगार, एकूण भाववाढ. नानांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "अख्ख्या देशाचा हिशेब एकच माणूस लिहितो व्हय?"

आमच्या सरांची शिकवण्याची पद्धत गोष्टी सांगण्याची होती. एक दिवस त्यांनी फिलिप्सची गोष्ट सांगितली. महागाई आणि बेकारी यांच्यातलं नातं दाखवणारी जी वक्ररेषा पुस्तकात असते, तिच्यामागचा हा माणूस. १९१४ साली न्यूझीलंडमधल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मला. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत काढली आणि नंतर लंडनला येऊन अर्थशास्त्र शिकू लागला. पुस्तकातल्या समीकरणांपेक्षा त्याला यंत्र कळायचं. म्हणून १९४९ साली त्यानं देशाच्या अर्थव्यवस्थेचं एक यंत्रच बनवलं. सातेक फूट उंच, पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा, आणि त्यातून फिरणारं रंगीत पाणी. पाणी म्हणजे पैसा. वरून उत्पन्न पडतं, त्यातलं काही कराच्या टाकीत जातं, काही बचतीच्या, उरलेलं खर्चात. सरकारनं कर वाढवला की ती झडप जास्त उघडायची आणि खाली काय होतं ते डोळ्यांनी बघायचं.

वर्गातली बाकीची मुलं ते फळ्यावरचं चित्र उतरवून घेत होती. माझ्या मात्र पायाला पाणी लागलं. मनात म्हटलं, हा माणूस आपल्यातला दिसतो, ह्यानं दारं धरलेली आहेत. आणि तोंडातून निघून गेलं, "सर, ह्याच्यात टेल कुठं येतो?"

वर्ग हसला. सरांनाही आधी कळलं नाही. मी कसंबसं समजावलं. सर थोडा वेळ फळ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "ह्यात टेल नाही. खाली आलेलं पाणी पंपानं परत वर जातं. एका टाकीत किती पाणी आहे एवढंच हे यंत्र सांगतं. त्या टाकीत कोणाकोणाचा वाटा आहे ते विचारायचं असेल, तर टाकी फोडावी लागेल. मग यंत्र चालणार नाही."

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. वही अजून आहे.

ह्याचा अर्थ मला तो विषय आवडला नाही असं कोणी समजू नये. मला तो वेड लागल्यासारखा आवडला. खेड्यातल्या पोरानं आयुष्यभर एकच ऐकलेलं असतं की आपल्या गरिबीला आपणच जबाबदार. काटकसर करा, कष्ट करा. आणि इथं केन्स नावाचा माणूस १९३६ सालच्या पुस्तकात सांगत होता की मंदीत प्रत्येकानं काटकसर केली तर सगळेच आणखी गरीब होतात. कारण एकाचा खर्च हीच दुसऱ्याची मिळकत. मला आमचं गाव दिसायला लागलं. पीक गेलं की आपण नवी वहाण घेत नाही. मग गावातल्या चांभाराच्या घरी चूल पेटत नाही. तो किराणा उधार घेतो. चूक कोणाचीच नसते, तरी सगळं गाव खाली जातं. अशा वेळी ज्यानं खर्च करायचा तो सरकारनं, मग त्यासाठी रस्ते खोदावे लागले तरी चालतील.

हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हंजे बहात्तरची खडी." १९७२च्या दुष्काळात नाना आणि आई दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला होते. आक्का त्याच वर्षी जन्मली, रस्त्याच्या कामावरच्या झोळीत. पुढं १९७७ साली महाराष्ट्रानं त्याच अनुभवावर रोजगार हमीचा कायदा केला. जगात असं फार थोड्या ठिकाणी झालं होतं. नानांनी केन्सचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्याची खडी फोडलेली होती. दूरवरून, उंचावरून बघणाऱ्या ह्या विद्येनं आमचं घर जगवलं होतं हे मला विसरून चालणार नव्हतं. खडीच्या ढिगाशी बसून कोणाला दिसलं नसतं की आपल्या मजुरीनं किराणा दुकान चालतं आणि दुकानानं गाव. ते दिसायला वर चढावंच लागतं.

अडचण पुढं सुरू झाली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तासाला सरांनी पिगू नावाच्या इंग्रज प्राध्यापकाचं कोडं सांगितलं. एखाद्या गृहस्थानं आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न कमी होतं. कारण काम तेच, पण आता तिला पगार नाही, आणि पगार नाही तर मोजदाद नाही. वर्ग पुन्हा हसला. मी ह्या वेळी हसलो नाही. मला आक्का दिसली. आक्का घरी भाकरी थापायची, माझे कपडे धुवायची, म्हशीचं करायची तेव्हा ती देशाच्या उत्पन्नात नव्हती. दुसऱ्याच्या रानात कांद्याच्या लागणीला रोजानं जायची त्या दिवसापुरती ती देशात यायची. संध्याकाळी परत बाहेर.

आता आक्काचं सांगायलाच पाहिजे.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल आठ किलोमीटरवर. १९८५च्या उन्हाळ्यात आक्का सातवी झाली. गणितात तिच्या पुढं शाळेत कोणी नव्हतं. नाना कांदे विकून आले की हिशेबपट्टी तिच्याकडं द्यायचे. आडत, हमाली, तोलाई, वराई सगळं तपासून ती निव्वळ आकडा सांगायची. एकदा व्यापाऱ्याच्या मुनिमाची अकरा रुपयांची चूक तिनं काढली आणि नाना दुसऱ्या दिवशी जाऊन ते अकरा रुपये घेऊन आले. तिच्या हातावर त्यांनी रुपया ठेवला होता.

त्या सालीही पाणी नव्हतं. एका रात्री जेवणं झाल्यावर नाना चुलीपाशी बसून आईला म्हणाले, "दोघांचं नाय जमायचं. एकालाच शिकवू, पण नीट शिकवू. घराचं तरी भलं व्हईल." आई काही बोलली नाही. मी नऊ वर्षांचा, चौथी झालेला. गोधडीत जागा होतो. आक्काही जागी होती. तिनं कूस बदलली एवढं मला आठवतं. सकाळी दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. पुढं कितीतरी दिवस त्यात आई लसूण ठेवायची.

नाना दुष्ट नव्हते. मुलगी म्हणून हलकी असंही ते उघड कधी म्हणाले नाहीत. त्यांनी हिशेब केला होता. घराचं एकूण. एक पोरगं शिकून नोकरीला लागलं तर सगळं घर वर येईल, आक्काच्या लग्नालाही पैसा होईल. आणि खरं सांगायचं तर हिशेब बरोबर आला. मी शिकलो, नोकरीला लागलो, विहीर खोल केली, आईचं डोळ्याचं ऑपरेशन केलं. घराचं भलं झालं. फक्त आक्काचं लग्न त्याआधीच, १९९० साली, कर्ज काढून करून टाकलेलं होतं.

१९९८ साली मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कांदा पेटला. दिल्लीत किलोला पन्नास रुपयांच्या वर गेला. पुण्यात भजीवाले कांद्याऐवजी कोबी घालायला लागले. सरकारनं निर्यात थांबवली. नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत दिल्लीची सत्ता बदलली आणि ती कांद्यानं बदलली असं सगळे म्हणाले. होस्टेलवरची मुलं मला चिडवायची, "काय पाटील, आता तुमची चैन! पार्टी कधी?" मी पाटील नव्हतो आणि आमची चैनही नव्हती. कांदा महाग झाला होता तोच मुळी पावसानं तो रानात सडला म्हणून. आमची अर्धी लागण पाण्यात गेली होती. ज्याच्याकडं माल आहे त्यालाच भाव लागतो हे वर्तमानपत्रातल्या भावाच्या चौकटीत दिसत नाही.

तिकडं माझे चुलते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. दिवसभर पाठीवरून कांद्याच्या गोण्या वाहायचे आणि संध्याकाळी किलोभर कांदा विकत घेताना दहादा विचार करायचे. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, चटणीलासुद्धा कांदा नाही. निर्यात थांबली तेव्हा काका खूश आणि नाना गप्प. एकाच घरातली दोन माणसं. म्हणून "शेतकऱ्यावर अन्याय" असं म्हणून मोकळं होणं मला तेव्हाही जमलं नाही, आजही जमत नाही. आमच्या रानात लागणीला येणाऱ्या बायांना स्वतःची गुंठाभर जमीन नाही. तेल, डाळ, बाजरी सगळं विकतचं. महागाई आटोक्यात ठेवा हे म्हणणं त्यांचंही आहे, नुसतं मुंबईच्या बंगल्यातल्यांचं नाही.

त्याच हिवाळ्यात सरांनी काल्डॉर शिकवला. खरं तर तो अभ्यासक्रमात आमच्या पेपरचा भाग नव्हता. पण सर म्हणाले, धोरण शिकायचं तर हे माहीत पाहिजे. गोष्ट इंग्लंडची. तिथं परदेशी धान्यावर जबर जकात होती. त्यामुळं धान्य महाग, जमीनदार खूश, मजूर उपाशी. १८४६ साली ते धान्य-कायदे रद्द झाले. पाव स्वस्त झाला, जमीनदारांचं नुकसान झालं. आता अर्थशास्त्रज्ञाला विचारलं की हे चांगलं झालं का, तर त्यानं काय सांगावं? एकाचं सुख आणि दुसऱ्याचं दुःख कोणत्या तराजूत घालायचं? काल्डॉरनं १९३९ साली वाट काढली. ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची पूर्ण भरपाई करूनही फायद्यात राहत असतील, तर तो बदल चांगला म्हणायला हरकत नाही. मग ती भरपाई खरोखर द्यायची की नाही? तो प्रश्न राज्यकर्त्यांचा, अर्थशास्त्रज्ञाचा नाही.

सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. "भरपाई देता येईल." "भरपाई दिली." दोन्हींच्या मधे बोट ठेवून ते म्हणाले, "आपला सगळा विषय पहिल्या ओळीपाशी थांबतो. दुसरी ओळ वाचायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

त्या दिवशी मी मेसला गेलो नाही. ग्रंथालयात जाऊन बसलो. काही वाचत नव्हतो. कांद्याचा विचार करत होतो असं मी मित्राला सांगितलं. कांद्याचा नव्हतो करत. नानांचा चुलीपाशी केलेला हिशेब आणि काल्डॉरचा हिशेब एकच आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. आक्काचं जे गेलं त्याची भरपाई माझ्या पगारातून सहज देता येईल आणि तरी मी फायद्यात राहीन. म्हणजे निर्णय बरोबर. आणि दुसरी ओळ? आक्काला मी तोवर काय दिलं होतं? दिवाळीची साडी. तीही आईनं घेतलेली.

पुढं काही दिवसांनी तिथंच मला डॉ. आंबेडकरांचं रुपयाच्या प्रश्नावरचं १९२३चं पुस्तक सापडलं. इंग्रजी कठीण होतं, चलनाचा इतिहास डोक्यावरून गेला. पण एक गोष्ट कळली आणि ती पुरली. रुपयाचं मोल घसरलं की व्यापाराला बरकत येते असं म्हणणाऱ्यांना त्यांनी आडवं घेतलं होतं. किमती पळतात, मजुरी मागून लंगडत येते. मग ही बरकत येते कुठून, तर मजुराच्या ताटातून. देशाच्या चलनाचा, म्हणजे अगदी स्थूल म्हणावा असा प्रश्न, आणि तो लिहिताना हा माणूस टाकी फोडून बघत होता. यंत्र त्यामुळं बंद पडलेलं नव्हतं. सरांना मी हे सांगितलं. सर म्हणाले, "पडत नाही. पण तेवढी अक्कल लागते, आणि आच लागते." मला वाटतं सरांनी मला त्या दिवशी जरा जास्तच मोठं समजलं. माझ्यात दोन्ही बेताचीच होती. मी नेट-सेटच्या तयारीला लागलो आणि यथावकाश एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात नोकरीला लागलो.

पंचवीस वर्षं मी हाच विषय शिकवतो आहे. फिलिप्सचं यंत्र दरवर्षी फळ्यावर काढतो. टेलचा प्रश्न मात्र मुलांना कधी सांगितला नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, हे एक.

डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात मी महागाईचं प्रकरण घेत होतो. आता पुस्तक बदललं आहे. २०१६पासून रिझर्व्ह बँकेला कायद्यानं लक्ष्य नेमून दिलंय. महागाई चार टक्के, फार तर दोन इकडं, दोन तिकडं. मी ग्राहक किंमत निर्देशांक समजावत होतो. त्यात तेव्हा खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार जवळपास ४६ टक्के होता. म्हणून भाजीपाला भडकला की अख्खा निर्देशांक हलतो. पण व्याजदर वाढवून काही कांदा उगवत नाही. बँकेच्या हातात मागणी आहे, पुरवठा नाही. मग कांद्यापुरतं काम सरकार करतं: निर्यातीवर शुल्क, साठ्यावर मर्यादा, शेवटी बंदी. ऑगस्टमधे ४० टक्के शुल्क लागलेलंच होतं. आणि त्याच आठवड्याअखेर निर्यातबंदी आली. लासलगावसकट बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. सोमवारी वर्गात गेलो तर निम्मी बाकं रिकामी, पोरं रास्ता रोकोला.

जी होती त्यांच्यात एक मुलगी होती. मागच्या बाकावर बसणारी, कधी न बोलणारी. तिनं विचारलं, "सर, निर्देशांकात कांद्याचा भार किती?" मी सांगितलं, ०.६४. म्हणजे शंभरातला पाऊण रुपयासुद्धा नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं, थोडा हिशेब केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आणि आमच्या घरात शंभरातले नव्वद. मग सर, ह्याच्यात आम्ही कुठंय?"

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मला सरांसारखं उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "हा निर्देशांक ग्राहकांचा आहे. उत्पादकांचा नाही." हे बरोबर होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. मुलगी खाली बसली.

रविवारी मी आक्काकडं गेलो. तिला चांदवड तालुक्यात दिलेली आहे. चार एकर रान, सगळा कांदा. मेहुणे रानात होते. आक्का ओट्यावर बसून गोल्टी निवडत होती. मी विचारलं, किती गेलं? तिनं देवाच्या फोटोमागची प्लास्टिकची पिशवी काढली. पट्ट्या तारखेवार लावलेल्या.

"ही अडतीसशेची. ही बंदी आल्यावरची, सतराशेनं. ट्रॉली तीच, कांदा तोच, वाफासुदिक तोच." तिनं खालचा आकडा बोटानं दाखवला. "ह्याच्यात हमाली दोनदा धरली व्हती. मी सांगितल्यावर दिली मागं."

मी तिला समजावू लागलो की शहरात भाव कसे चढले होते, गरिबाला कसं परवडत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "खाणाऱ्याला स्वस्त पाहिजे, बरोबर हाये. द्यावं की स्वस्त. पण मंग स्वस्त देणाऱ्याला कोण देतंय?" मला काल्डॉर आठवला. पन्नाशी ओलांडलेली सातवी पास बाई दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

मग मी ते बोललो. अडतीस वर्षं बोललो नव्हतो. म्हटलं, "आक्का, तुला शाळेतून काढलं ना, ते माझ्यासाठी..."

"ते कुठून काढलंस आता?" ती कांदे निवडतच राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पाणी कुठं व्हतं तवा. नानांचा तरी काय इलाज." आणखी थोड्या वेळानं, "मला राग यायचा. तुझा नाय. सायकलीचा. मला आठ किलोमीटर जायला सायकल घ्यायला पैसं नव्हते ना? तू आठवीत गेलास तवा आली. मी बघितलं, हिरवी व्हती."

सायकल खरंच हिरवी होती. तीन वर्षांत आमची परिस्थिती काडीनं सुधारलेली नव्हती. नानांनी ती उसनवारी करून घेतली होती.

मी गप्प झालो. तेवढ्यात तिची धाकटी चहा घेऊन आली. बारावीला होती, सायन्स. चहा ठेवून ती आत गेल्यावर आक्कानं हलक्या आवाजात विचारलं, "बारावी झाली का हिला तुझ्याकडं ठेवू का? तुमच्या तिथं कॉलेज हाये. इथून येऊन-जाऊन नाय जमायचं. हे म्हणत्यात, यंदा कांद्यानं घाण केली, बघू पुढच्या साली. पुढचं साल म्हंजे काय ते मला माहीत हाये."

आणि मी, पंचवीस वर्षं स्थूल अर्थशास्त्र शिकवलेला माणूस, काय म्हणालो? म्हणालो, "घरात विचारून सांगतो." माझ्या मनात दोन खोल्यांचा फ्लॅट आला, मुलाचं इंजिनिअरिंगचं वर्ष आलं, घराचे हप्ते आले. एका क्षणात मी सगळ्या घराचा हिशेब केला. आक्का "बरं" म्हणाली. गोणीचं तोंड सुतळीनं शिवायला लागली. निघताना ती गोणी तिनं माझ्या गाडीत ठेवली. मी पैसे काढले तर म्हणाली, "कोणत्या भावानं देतो? अडतीसशे का सतराशे?" ती हसत होती, पण मी पाकीट तसंच खिशात घातलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ह्यात विचारायचं काय होतं? मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, आणि मग मला तिच्यावर ढकलता येईल. तसं झालं नाही. मी रात्रीच आक्काला फोन केला.

४ मे २०२४ला बंदी उठली, ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर आक्काच्या लाल कांद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. जूनमधे भाची आली, एक पत्र्याची पेटी आणि बादली घेऊन. बी.एस्सी.ला घातली. माझा विषय तिला कंटाळवाणा वाटतो, तसं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. फी मी भरतो. मला वाटत होतं की निदान आता दुसरी ओळ लिहायला सुरुवात झाली.

पण दर दोन महिन्यांनी चांदवडकडून येणाऱ्या कोणाच्या तरी पिकअपमधून आमच्या दारात पोतं उतरतं. बाजरी, कधी गहू, सोबत कांदे. पोत्यात एक चिठ्ठी असते, जुन्या वहीच्या कागदावर. मागच्या पोत्यातली समोर आहे. बाजरी २० किलो, गहू १५, कांदा १०. खाली एक रेघ मारलेली, आणि रेघेखाली आक्काच्या सातवीतल्या अक्षरात: पोरीचं दोन महिन्यांचं. कमी पडलं तर कळवणे.